अक्षरांचे अंक आणि अंकांची अक्षरे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. तास संपवून मी अध्यापकांच्या खोलीत जरा टेकलो होतो, तोच दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात कागदांची चळत होती. "सर, जरा बघता का हे? कुणालाच वाचता येत नाही."

मी कागद पाहिले. ते मराठी नव्हते आणि इंग्रजीही नव्हते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्याच्या शेजारी चार पाय फुटलेले वर्तुळ, मग कधी अंशाचे चिन्ह, कधी गोलात कोंडलेला 'आर', तर कधी चक्क पाऊण! पुन्हा तोच रेघवाला 'ए', पुन्हा तेच वर्तुळ. पानेच्या पाने अशी भरलेली.

तिने सांगितले ते असे. तिची आजी माणदेशातली. आजीला जात्यावरच्या तीनशेहून अधिक ओव्या पाठ होत्या. २०११ सालच्या उन्हाळ्यात मुलीच्या आईने आजीशेजारी बसून त्या सगळ्या घरच्या संगणकावर टिपून घेतल्या. तीन वर्षांनी आजी गेली, आणि त्यानंतर तो संगणकही गेला. मामांना एकदा ई-मेलने पाठवलेली प्रत तेवढी शिल्लक राहिली. मामांनी ती मधे कधीतरी कुठल्याशा प्रोग्रॅममध्ये उघडली, जपून ठेवायची म्हणून पुन्हा 'सेव्ह' केली, आणि जपलेली प्रत उघडून पाहतात तो ही अशी!

"आणि ही दुसरी प्रत," ती म्हणाली, "एका दुकानातल्या मुलानं साफ करून दिली. ही वाचता येते, सर. पण आई म्हणते, ही आजीची भाषा नव्हे."

दुसरी प्रत खरोखरच देवनागरीत होती. मात्र तीत 'माझ्या' ह्या शब्दाच्या जागी जिथे तिथे 'माया' असे छापलेले होते. 'तुळस' ची 'तळस' झाली होती, 'विठ्ठल' चा 'विठठल' झाला होता, आणि 'एक' ह्या शब्दातला 'ए' जाऊन नुसता 'क' उरला होता.

वाचकहो, मी मराठीचा अध्यापक. संगणकशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु हे कोडे मला सोडवावेच लागले, आणि ते सोडवताना जे शिकलो ते आपणां सर्वांच्या उपयोगाचे आहे असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

चाळिशी ओलांडलेल्यांना तार आठवत असेल. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेच्या कचेरीत शुभेच्छांचा एक तक्ता असे. दिवाळीची एक ओळ, लग्नाची एक ओळ, परीक्षेतल्या यशाची एक ओळ. आणि प्रत्येक ओळीला एक क्रमांक. आपण वाक्य न लिहिता क्रमांक लिहायचा. तारेतून तेवढा क्रमांक जायचा, आणि पलीकडचा तारमास्तर आपल्या तक्त्यात पाहून पुरे वाक्य लिहून द्यायचा. वाक्याचा क्रमांक करणे ह्याला म्हणतात एन्कोडिंग. क्रमांकाचे पुन्हा वाक्य करणे ह्याला म्हणतात डीकोडिंग. गाठोडे बांधणे आणि गाठोडे सोडणे, ह्यापलीकडे ह्या दोन शब्दांत काही नाही.

आता कल्पना करा की पलीकडच्या कचेरीत तक्ता निराळाच आहे. मग काय होईल? क्रमांक बिनचूक पोचेल. तारमास्तर बिनचूक वाचेल. आणि दिवाळीच्या शुभेच्छांऐवजी आपल्या पाहुण्याच्या हाती 'नांदा सौख्यभरे' पडेल! तारेत दोष नाही, मास्तरांत दोष नाही. दोन्हीकडचे तक्ते जुळले नाहीत एवढेच. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचे सारे हिच्यावरच उभे आहे.

संगणकाचेही असेच आहे. संगणकाला 'म' ठाऊक नाही, 'एम' ही ठाऊक नाही. त्याला ठाऊक फक्त अंक. हे अंक तो ज्या कप्प्यांत ठेवतो त्या प्रत्येक कप्प्याला बाइट म्हणतात, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ ह्यांपैकी कोणता तरी एकच अंक मावतो. तेव्हा अक्षर ठेवायचे तर त्याला आधी क्रमांक द्यायला हवा. अमेरिकेत १९६३ साली असा एक तक्ता ठरला. त्याचे नाव 'ॲस्की'. त्यात १२८ जागा. मोठा रोमन 'ए' ६५ क्रमांकावर, 'बी' ६६ वर, असे. इंग्रजीपुरते हे छान भागले. पण १२८ ते २५५ ह्या उरलेल्या जागांचे काय करायचे? ज्याने त्याने त्या आपापल्या गरजेप्रमाणे भरल्या. पश्चिम युरोपातल्या भाषांनी तिथे रेघा-टिंबांची रोमन अक्षरे बसवली. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचा तक्ता आला आणि १९९१ साली तो भारतीय मानक झाला. कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्र ह्याच घराण्यातले.

ह्याशिवाय कित्येक मराठी फॉन्ट असे होते की त्यांनी तक्त्याची भानगडच ठेवली नाही. रोमन अक्षराचा क्रमांक तसाच ठेवायचा आणि त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट बदलला की मुखवटा गळून पडे आणि खालचे रोमन तोंड दिसे! जुन्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका अशा कितीतरी मुखवट्यांत अजूनही अडकून पडल्या आहेत.

थोडक्यात काय, तर एकाच क्रमांकाचे पाच ठिकाणी पाच अर्थ होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून जगातल्या सर्व लिप्यांना मिळून एकच तक्ता करावा असा विचार पुढे आला. तोच युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात अकरा लाखांहून अधिक क्रमांकांची सोय आहे. देवनागरीच्या वाट्याला २३०४ पासून २४३१ पर्यंतच्या १२८ जागा आल्या, आणि त्यांची मांडणी 'इस्की' च्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही कल्पना नवी वाटू नये. करपल्लवी आठवते ना? हाताच्या खुणेने आधी वर्ग सांगायचा, मग बोटांनी त्या वर्गातले कितवे अक्षर ते सांगायचे, आणि चुटक्या वाजवून मात्रा. तीत अक्षराची खूण निराळी आणि मात्रेची निराळी. युनिकोडही अगदी तसेच करतो. 'मराठी' हा शब्द घ्या. आपण त्यात तीन अक्षरे मोजतो: म, रा, ठी. युनिकोड मोजतो पाच चिन्हे: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. त्यांचे क्रमांक अनुक्रमे २३५०, २३५२, २३६६, २३३६ आणि २३६८.

आता एक अडचण. बाइटमध्ये तर २५५ च्या वरचा अंक मावत नाही. मग २३५० ठेवायचा कसा? ह्याची सर्वांत सोयीची युक्ती १९९२ च्या सप्टेंबरात निघाली. न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक हे दोघे रात्री जेवायला बसले होते. तिथे ताटाखालच्या कागदावर त्यांनी ती मांडली. तिचे नाव 'यूटीएफ-८'. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये, देवनागरी चिन्ह तीन बाइटमध्ये, मोबाइलवरची हसरी-रडकी चित्रे बहुधा चार बाइटमध्ये.

ह्यातले गणित मुळीच अवघड नाही, पेन्सिल घेऊन करून पाहा. 'म' चा क्रमांक २३५०. त्याला ६४ ने भागा. भागाकार ३६, बाकी ४६. भागाकारात १२८ मिळवा, झाले १६४. बाकीत १२८ मिळवा, झाले १७४. आणि सर्वांच्या आधी 'पुढे तीन बाइटांचा घास आहे' अशी वर्दी देणारा २२४ हा अंक लिहा. झाले! 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. देवनागरीतल्या पहिल्या ६४ चिन्हांचा मधला बाइट १६४ च येतो आणि पुढच्या ६४ चिन्हांचा १६५. पहिला बाइट मात्र सगळ्यांचाच २२४. तेव्हा 'मराठी' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरे, तक्त्यात पाच चिन्हे, आणि पेटीत पंधरा बाइट.

हे सगळे गणित आपण दर वेळी हाताने करायचे का? मुळीच नाही. इथेच 'लायब्ररी' येते. प्रोग्रॅमिंगमध्ये लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तर तयार कृतींची. कुणीतरी एकदा नीट लिहून, तपासून ठेवलेल्या कृती; आपण फक्त नाव घेऊन हाक मारायची. पायथन नावाची एक लोकप्रिय भाषा आहे. तिच्यात ही सोय भाषेबरोबरच मिळते. मजकुराच्या नावापुढे टिंब देऊन 'एन्कोड' लिहायचे आणि कंसात तक्त्याचे नाव द्यायचे. मजकुराचे बाइट होतात. बाइटांच्या नावापुढे 'डीकोड' लिहायचे आणि कंसात पुन्हा तक्त्याचे नाव द्यायचे. बाइटांचा मजकूर होतो. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या पायथनच्या तिसऱ्या पिढीने तर मजकूर आणि बाइट ह्या दोन जातीच वेगळ्या केल्या. एकात दुसरे मिसळू जाल तर पायथन तिथल्या तिथे अडवते. सुरुवातीला ह्या शिस्तीचा राग येतो, नंतर ती किती सोयीची आहे हे कळते.

मात्र कंसात तक्त्याचे जे नाव आपण देतो, ते लायब्ररी खरे मानून चालते. हे बाइट कोणत्या तक्त्याने बांधले होते ते बाइटांवर लिहिलेले नसते. अंदाज करणारे प्रोग्रॅम आहेत, पण अंदाज तो अंदाजच.

आणि तक्त्यात चिन्हच नसेल तर? समजा, 'मराठी' हा शब्द ॲस्कीच्या तक्त्याने बांध असे सांगितले. ॲस्कीत देवनागरी नाही. अशा वेळी वागायचे कसे ह्याच्या मुख्य तीन रीती लायब्ररीत आहेत. पहिली कडक रीत: काम थांबवायचे आणि कितव्या जागी अडले ते सांगायचे. आपण काही बोललो नाही तर पायथन हीच रीत धरते. दुसरी 'रिप्लेस' ची रीत: जे जमले नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे. म्हणजे 'मराठी' ची पाच प्रश्नचिन्हे! तिसरी 'इग्नोअर' ची: जे जमले नाही ते गुपचूप टाकून द्यायचे आणि पुढे जायचे. तीत 'मराठी' चे काहीच उरत नाही, रिकामी जागादेखील नाही.

ही तिसरी रीत सर्वांत घातक. कारण पहिली ओरडते, दुसरी निदान खूण तरी ठेवते. तिसरी मात्र हसतमुखाने गठ्ठा हातात देते आणि आतले काय गेले ते सांगत नाही.

आता त्या मुलीच्या कागदांकडे वळू. मघाशी म्हटले त्या रेघवाल्या 'ए' चा पश्चिम युरोपी तक्त्यातला क्रमांक आहे २२४. चार पायांच्या वर्तुळाचा १६४. गोलातल्या 'आर' चा १७४, अंशाच्या चिन्हाचा १७६ आणि पाऊणचा १९०. लागला ना ताळा? २२४, १६४, १७४ म्हणजे 'म'. २२४, १६४, १७६ म्हणजे 'र'. आणि २२४, १६४, १९० म्हणजे काना! आमच्या गणिताच्या सहकाऱ्याने हे सांगितले तेव्हा मला अक्षरशः काटा आला. कागदभर पसरलेली ती विचित्र चिन्हे म्हणजे आजीच्याच ओव्या होत्या. आईने यूटीएफ-८ ने बांधलेले गाठोडे मामांच्या प्रोग्रॅमने 'विंडोज-१२५२' नावाच्या पश्चिमी तक्त्याने सोडले होते, आणि जे निघाले तेच खरे समजून जपून ठेवले होते. शब्दांमधल्या मोकळ्या जागा, स्वल्पविराम जागच्या जागी होते, कारण ती चिन्हे दोन्ही तक्त्यांत एकाच क्रमांकावर आहेत.

उपाय उघड होता. ज्या तक्त्याने चुकून सोडले त्याच तक्त्याने पुन्हा बांधायचे, म्हणजे मूळचे बाइट परत मिळतात. आणि मग ते योग्य तक्त्याने सोडायचे. आधी 'विंडोज-१२५२' ने एन्कोड, मग 'यूटीएफ-८' ने डीकोड. एका ओळीचे काम! आम्ही ते केले, आणि पायथनने तिसऱ्याच चिन्हाशी काम थांबवले. त्या चिन्हाला तक्त्यात जागा नाही, म्हणून तक्रार.

दुकानातल्या त्या मुलालाही बहुधा हीच तक्रार दिसली असावी, आणि ती नकोशी वाटून त्याने 'इग्नोअर' सांगून टाकले असावे. त्याचे काय झाले ते पाहा. ह्या पश्चिमी तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आपल्या ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट नेमका १२९. पाय मोडणाऱ्या हलन्त खुणेचा १४१. 'ए' चा १४३, 'ऐ' चा १४४ आणि 'झ' चा १५७. तिसरा बाइट टाकून दिला की उरलेले दोन अर्धवट म्हणून तेही टाकले जातात. म्हणून नेमकी हीच चिन्हे गेली. 'माझ्या' मधला झ गेला, त्याची हलन्त खूण गेली, उरले 'माया'. 'तुळस' चा उकार गेला. 'विठ्ठल' मधले जोडाक्षर सुटले.

ह्यात गंमत अशी, की 'तळस' वाचून चूक कळते, पण 'माया' वाचून कळत नाही. तो शब्दही ओवीत शोभणाराच! एखाद्या अभ्यासकाच्या हाती ही 'साफ' प्रत पडली असती तर ह्या बाईंच्या ओव्यांत मायेचे केवढे प्राबल्य आहे म्हणून त्याने लेखही लिहिला असता. आईला मात्र ते लगेच कळले, कारण तिच्या कानांत आजीचा आवाज होता. अशी कान असलेली माणसे प्रत्येक कागदामागे थोडीच असतात?

मग आम्ही काय केले? विद्रूप दिसणारी पहिली प्रत आम्हांला आधार झाली. मामांच्या प्रोग्रॅमने त्या पाच रिकाम्या जागांचे बाइट टाकून न देता, न दिसणाऱ्या चिन्हांच्या रूपाने तसेच ठेवले होते. कागदावर ती उमटली नव्हती, पण फाइलमध्ये होती. पायथनच्या लायब्ररीत अडचणीच्या वेळी काय करावे ह्याची स्वतःची चौथी रीत नोंदवता येते. आम्ही तिला सांगितले, "बाई ग, तक्त्यात जागा नसलेले चिन्ह भेटले तर थांबू नकोस आणि टाकूनही देऊ नकोस, त्याचा स्वतःचा क्रमांकच बाइट म्हणून लिही." चार-पाच ओळींचे काम झाले. नंतर कळले की 'एफटीएफवाय' नावाची एक लायब्ररी असा बिघडलेला मजकूर दुरुस्त करण्यासाठीच कुणी तयार करून मोफत ठेवली आहे आणि तिच्यात ही रीत आहेच. पण स्वतः करून पाहिल्यामुळे ती कळली, हाही लाभच.

तेव्हा जी प्रत पाहून सगळे नाक मुरडत होते ती शाबूत होती, आणि जी प्रत पाहून समाधान मानत होते ती कायमची अपुरी झाली होती. विद्रूप प्रत 'काय उपयोग' म्हणून पुसून टाकली असती तर पुढे कोणतीही लायब्ररी काही करू शकली नसती.

ह्याच संदर्भात आणखी एक बारकी गोष्ट सांगतो, कारण ती खास मराठीची आहे. 'कऱ्हाड' मधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, २३५३. किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे २३५२ आणि २३६४. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण संगणक क्रमांक पाहतो, त्यामुळे एका प्रकाराने लिहिलेले 'कऱ्हाड' दुसऱ्या प्रकाराने शोधले तर सापडत नाही. यादीत नाव असून 'नाव नाही' असे उत्तर मिळते! ह्यासाठी लायब्ररीत 'नॉर्मलाइज' नावाची कृती आहे. ती दोन्ही प्रकारांना एकाच रूपात आणते. साध्या 'र' ला हलन्त खूण आणि पुढे एक अदृश्य सांधा जोडूनही काही जण हे अक्षर काढतात. तो तिसरा प्रकार मात्र ह्या कृतीच्या आवाक्यात येत नाही, तो वेगळा हाताळावा लागतो.

एक गैरसमजही दूर करायला हवा. एन्कोड केले म्हणजे मजकूर गुप्त झाला असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच नाही. एखाद्या मराठी पानाचा दुवा कुणाला पाठवायला गेले की त्याची टक्केवारीच्या खुणांनी भरलेली लांबलचक शेपटी झालेली आपण पाहतो. ती ह्याच बाइटांची. प्रत्येक बाइटसाठी एक टक्क्याची खूण आणि दोन अक्षरे. म्हणजे 'मराठी' च्या पंधरा बाइटांसाठी पंचेचाळीस खुणा. 'बेस-६४' नावाची आणखी एक रीत आहे. ती तीन बाइटांची चार साधी अक्षरे करते, म्हणजे ई-मेलमधून जोडलेली फाइल सुखरूप जाते. तिच्यात 'मराठी' ची वीस अक्षरे होतात. दिसायला ती सांकेतिक वाटतात, पण तक्ता जगजाहीर आहे. कुणीही क्षणात उलगडू शकतो. गाठोड्याला गाठ असते, कुलूप नसते. म्हणून आपला पासवर्ड किंवा खात्याचा क्रमांक बेस-६४ मध्ये लिहून सुरक्षित झालो असे कुणी समजू नये. कुलूप लावायच्या लायब्ऱ्या वेगळ्या आहेत.

आता कामाचे चार शब्द. नवा मजकूर नेहमी युनिकोडमध्ये लिहा आणि यूटीएफ-८ ने जतन करा. प्रोग्रॅममधून फाइल उघडताना तक्त्याचे नाव स्वतः लिहा, यंत्राच्या मर्जीवर सोडू नका. बाहेरून आलेले बाइट दारातच डीकोड करा, आत सगळा व्यवहार मजकुराचा ठेवा, आणि बाहेर पाठवताना पुन्हा एन्कोड करा. लायब्ररी अडली तर तिचे तोंड बंद करू नका; ती कुठे अडली ते वाचा. आणि बिघडलेली फाइल भेटली तर आधी तिची जशीच्या तशी एक प्रत बाजूला ठेवा. पडद्यावरून उचलून दुसरीकडे चिकटवू नका, कारण न दिसणारी चिन्हे त्या उचलाउचलीत गळतात. दुरुस्ती करायची ती नेहमी प्रतीवर, मुळावर नव्हे.

पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांबद्दल आपण नेहमी हळहळतो. कागद आहेत, शाई टिकली आहे, पण मोडी वाचणारी माणसे थोडी. आपल्या काळाचे दप्तर बाइटांचे आहे. त्यालाही वाळवी लागतेच, पण त्याहून मोठी भीती ही, की बाइट टिकतील आणि ते कोणत्या तक्त्याने वाचायचे हे कुणी सांगून ठेवलेले नसेल. बाइट आणि तक्ता मिळून मजकूर होतो. एकट्या बाइटांना अर्थ नाही.

त्या दिवशी संध्याकाळी दुरुस्त झालेली फाइल आम्ही मुलीच्या आईला पाठवली. थोड्या वेळाने फोन आला. बाईंनी पहिली ओवी वाचून दाखवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीपासून त्या ती गाऊच लागल्या. 'माझ्या' हा शब्द आला तिथे त्या क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "हां, आता आईचंच आहे हे."